आतून धुण्याचा इतिहास

लग्नकार्यात माणसाला दोनच प्रश्न विचारले जातात. एक, "जेवण झालं का?" आणि दुसरा, "आपण काय करता?" पहिल्याचं उत्तर मला नेहमीच देता आलं. दुसऱ्याने मात्र तीस वर्षं माझी पंचाईत केली. माणसाने बँकेत असावं, शाळेत असावं, गेला बाजार पाटबंधारे खात्यात तरी असावं. एका शब्दात काम भागतं. मी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो आणि मोठमोठ्या टाक्या आतून धुणारे फवारे काढत होतो. काढत म्हणजे कागदावर काढत. हे सांगितलं की समोरचा गृहस्थ क्षणभर माझ्याकडे सहानुभूतीने बघे आणि मग "जिलबी छान झाली आहे, नाही?" असं म्हणून पानाकडे वळे.

हिच्या मावशींनी तर एकदा भर पंगतीत विचारलं, "मग आमच्या गच्चीवरची टाकी कधी धुताय, जावईबापू?" पंगत हसली. मीही हसलो. दुसरं काय करणार? तेव्हापासून "हे इंजिनिअर आहेत" एवढंच सांगून विषय बदलायचा, असा आमच्या घरात अलिखित ठराव झाला.

पण खरं सांगतो, मनात ते सलत राहिलं. इतिहास म्हटला की लोकांना लढाया आठवतात, तह आठवतात. धुण्याभांड्यालाही इतिहास असतो, त्यातही स्फोट होतात, जहाजं बुडतात, माणसं जातात आणि शेवटी लंडनला तहही होतो, हे कुणाच्या गावी नसतं. आज पंगत नाही, जिलबी नाही, तेव्हा सांगून टाकतो.

मूळ अडचण अगदी घरगुती आहे. लोणच्याची बरणी रिकामी झाली, तोंड अरुंद, हात आत जात नाही. आमची आई अशा वेळी बरणीत मूठभर वाळू आणि कढत पाणी घालायची, थोडा वेळ तशीच ठेवायची आणि मग तोंडावर तळहात दाबून खळाखळा हलवायची. हरबर्ट झिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९६०च्या सुमारास एक वर्तुळ काढून त्याचे चार भाग पाडले: रसायन, उष्णता, वेळ आणि जोर. एक कमी पडला तर दुसरा वाढवावा लागतो. धुलाईच्या धंद्यात आजही 'झिनरचं वर्तुळ' म्हणून ते भिंतीवर टांगलेलं असतं. साबण संपला तर जास्त घासा, घासायचा कंटाळा असेल तर रात्रभर भिजत घाला, हा त्याचा मथितार्थ. आईने हे वर्तुळ पाहिलं असतं तर "यात नवीन काय?" असंच विचारलं असतं.

आता ही बरणी सात-आठ मजली इमारतीइतकी उंच आहे, लोखंडी आहे, आत खनिज तेल भरलेलं होतं आणि ती जहाजाच्या पोटात आहे, असं समजा. अशी एक नव्हे, दहा-पंधरा. ही बरणी हलवता येत नाही. समुद्र हलवतो, पण तो आपल्या सोयीने हलवत नाही.

सुरुवातीला यावर उपाय एकच होता: माणूस. टाकीत वाफ सोडायची, थोडी निवली की खलाशांनी शिडीने उतरायचं, रबरी नळीने भिंती धुवायच्या, तळाचा गाळ खरवडून बादल्यांनी वर काढायचा. आत तेलाच्या वाफा, पायाखाली निसरडं, उजेड नाही. कितीजण चक्कर येऊन पडले असतील याचा हिशेब कुणी ठेवला नसावा.

१९२०च्या दशकात बटरवर्थ नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी एक यंत्र काढलं. रबरी नळीच्या टोकाला पितळी डोकं, त्याला समोरासमोर दोन तोट्या. डेकवरच्या भोकातून ते टाकीत सोडायचं आणि वरून कढत समुद्राचं पाणी दाबाने द्यायचं. पाण्याच्याच जोरावर आतलं चक्र फिरतं, तोट्या उभ्या फिरतात आणि सगळं डोकं आडवं फिरतं. थोडा वेळ वर, मग नळी सैल सोडून थोडं खाली, मग आणखी खाली. माणूस डेकवर उभा. हे यंत्र इतकं रुळलं की टाकी धुण्याला खलाशी 'बटरवर्थिंग' म्हणू लागले आणि डेकवरच्या त्या भोकाच्या झाकणालाही बटरवर्थचंच नाव मिळालं. आपण नाही का कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो, तसं. माणसाचं आडनाव क्रियापद होणं ही मोठी गोष्ट आहे. माझ्या आडनावाचं क्रियापद फक्त ऑफिसात झालं होतं आणि त्याचा अर्थ चांगला नव्हता.

त्याचं असं झालं. या फिरत्या डोक्यात दोन दातेरी चाकं असतात. एक डोकं फिरवतं, दुसरं तोट्या. नोकरीला लागल्यावर पहिलंच ड्रॉइंग मला मिळालं, आणि मी सौंदर्यदृष्टीने दोन्ही चाकांना चाळीस-चाळीस दाते दिले. नमुना तयार झाला, चाचणीच्या टाकीला आतून काव फासली आणि यंत्र सुरू केलं. अर्ध्या तासाने झाकण उघडून पाहतो, तर सगळी टाकी तांबडी आणि तिच्यावर एकच चकचकीत वळणदार पट्टा! दाते सारखे, म्हणून प्रत्येक फेरीत पाण्याची धार त्याच वाटेने जात होती. आमचे साहेब बराच वेळ आत बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही टाकी धुतली नाही. तिची मुंज केलीत."

एका चाकाला चाळीस आणि दुसऱ्याला एक्केचाळीस दाते दिले, की दर फेरीला धार थोडी सरकते. लोकरीचा गुंडा करताना धागा जसा प्रत्येक वेढ्याला जरा बाजूला पडतो, तशी. एक्केचाळीस फेऱ्यांनी सगळा गुंडा पुरा होतो आणि धार मूळ जागी येते. एका दात्याचा फरक! संसारातसुद्धा दोघांचे दाते अगदी सारखे असू नयेत, नाहीतर रोज तेच भांडण त्याच वाटेने जातं, असं मी एकदा हिला म्हणालो होतो. त्यावर "तुमचे किती उरलेत ते आधी बघा" असं उत्तर मिळालं.

दुसरा सर्वसाधारण गैरसमज असा की फवारा जितका बारीक तितका चांगला. न्हाणीघरात ते ठीक आहे. पण बारीक थेंबाला पल्ला नसतो, हवा त्याला वाटेतच अडवते. लांबची भिंत धुवायची तर आगीच्या बंबासारखी सलग, जाड धार हवी. बरं, नुसता दाब वाढवूनही भागत नाही. त्याच तोटीतून दुप्पट पाणी हवं तर दाब चौपट लागतो. आवाज चौपट चढवून घरात काम दुप्पटच होतं, तसाच हा प्रकार.

आता प्रश्न असा की हे सगळं धुतलेलं पाणी जायचं कुठे? उत्तर सोपं होतं: समुद्रात. तेल उतरवलं तरी शेकडो टन तेल भिंतींना आणि तळाला चिकटून राहायचं आणि परतीच्या वाटेवर धुवून समुद्रात सोडून द्यायचे. १९५४ साली करार झाला, की किनाऱ्यापासून ५० मैलांच्या आत असं करू नये. म्हणजे केर टाका, पण शेजारच्या दारात नको, जरा पुढच्या गल्लीत. समुद्राला मात्र गल्ल्या नसतात.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी तळपायाने शिकलो. १९८३च्या मे महिन्यात आम्ही गोव्याला गेलो होतो. नवीन लग्न, संध्याकाळचा किनारा, अनवाणी चालणं वगैरे. पाचच मिनिटांत हिच्या पायाला आणि साडीच्या काठाला काळा चिकट गोळा लागला. डांबरच. पावसाळ्याच्या तोंडाशी हे डांबरगोळे तिकडच्या किनाऱ्यावर येतात. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९७०च्या दशकापासून त्यांची नोंद घेत आली आहे आणि त्यांच्या अनेक उगमांपैकी एक म्हणजे तेलवाहू जहाजांनी धुऊन सोडलेलं पाणी. मी म्हणालो, "हा आमच्याच धंद्यातला माल आहे." नव्या नवरीला सांगण्यासारखं हे वाक्य नव्हतं, हे नंतर लक्षात आलं.

मी साबणाने खूप घासलं. काही होईना. शेवटी ती लॉजच्या मालकिणीकडे गेली, वाटीभर खोबरेल तेल घेऊन आली आणि बोटाने चोळून चोळून दोन मिनिटांत पाय स्वच्छ केला. "डांबर पाण्याने निघतं होय? तेलाने तेल निघतं," ती म्हणाली. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लंडनच्या तहात ते येणार आहे.

त्याआधी डिसेंबर १९६९. सुएझ कालवा तेव्हा बंद होता. तेलवाहू जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात आणि वळसा परवडावा म्हणून अवाढव्य बांधली जात. दोन लाख टनांवरची तीन अगदी नवी जहाजं तेल उतरवून रिकाम्या टाक्या धूत आखाताकडे निघाली होती. महिन्याच्या मध्याला 'मार्पेसा' सेनेगलजवळ स्फोट होऊन बुडालं. तिचा तो पहिलाच परतीचा प्रवास होता. २९ तारखेला मोझांबिकच्या सामुद्रधुनीत 'माक्ट्रा'चा स्फोट झाला. ३० तारखेला पश्चिम आफ्रिकेजवळ 'किंग हाकॉन सातवा' या नॉर्वेजियन जहाजाचा. तीन आठवड्यांच्या आत तीन जहाजं, आणि तिन्हींत त्या वेळी एकच काम चालू होतं: टाकी धुणं. माणसंही गेली.

विडी नाही, दिवा नाही, तारेची ठिणगी नाही. मग आग आली कुठून? पाण्यातून! आंबोलीच्या धबधब्याखाली उभं राहिलं की हवा कशी वेगळी लागते? फिलिप लेनार्ड या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ सालीच दाखवलं होतं, की पाणी आपटून फुटलं की त्याच्या तुषारांबरोबर हवेत विद्युतभार येतो. पुढे त्याला नोबेलही मिळालं, पण ते वेगळ्याच कामासाठी. धबधब्याचं ते संशोधन ग्रंथालयात राहिलं. या नव्या जहाजांच्या टाक्या देवळाच्या सभामंडपाहून मोठ्या. त्यांत तासाला शंभराहून जास्त टन पाणी फेकणारी बसवलेली यंत्रं. आत भारलेलं धुकं तयार व्हायचं, एक प्रकारचा बंदिस्त पावसाळी ढगच. त्यातून पाण्याचा एखादा मोठा लोळ खाली पडताना भार गोळा करतो, लोखंडाजवळ येतो आणि ठिणगी पडते. ठिणगी कुणी डोळ्यांनी पाहिली नाही, पण पुढच्या प्रयोगांतून हेच सर्वांत संभवनीय कारण ठरलं. धुण्याच्या पाण्यानेच आग लावली. लहान टाकीत जे चालून गेलं, ते मोठ्या टाकीत चाललं नाही. बरणी मोठी केली की नुसती बरणी मोठी होत नाही, प्रश्नही बदलतो. हे ड्रॉइंग बोर्डावरच्या माणसाने उशाशी लिहून ठेवावं.

मग तोडगा निघाला तो असा. ठिणगी थांबवता येत नसेल तर हवेतला प्राणवायू काढून घ्या. जहाजाच्या बॉयलरचा धूर धुऊन, थंड करून टाकीत भरायचा. बाहेरच्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. तो टाकीत ८ टक्क्यांच्या खाली ठेवला की तेलाची वाफ पेटू शकत नाही. अमेरिकेतली सन ऑइल कंपनी हे १९३०च्या दशकापासून करत होती, बाकीच्यांना पटायला तीन जहाजांवर स्फोट व्हावे लागले. फेब्रुवारी १९७८मध्ये लंडनला परिषद भरली आणि वीस हजार टनांवरच्या नव्या खनिज तेलवाहू जहाजांना दोन गोष्टी सक्तीच्या झाल्या: टाकीत निष्क्रिय वायू, आणि धुण्यासाठी पाण्याऐवजी तेलच. होय, तेलच! जहाज तेल उतरवत असतानाच त्यातलं थोडं तेल त्याच तोट्यांमधून भिंतींवर मारायचं. चिकटलेला गाळ त्यात विरघळतो आणि बाकीच्या तेलाबरोबर किनाऱ्यावर जातो. समुद्रात सोडायला फारसं काही उरतच नाही. जगभरच्या तज्ज्ञांनी जे कागदावर आणलं, ते लॉजच्या मालकिणीच्या खोबरेल तेलात होतं. हिला मी हे सांगितलं, तेव्हा तिने "मग माझं नाव घातलं का त्यात?" एवढंच विचारलं.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. टाकीच्या आत तुळया असतात, आडव्या फळ्या असतात. धार सरळ जाते, तिला वळसा घेता येत नाही, म्हणून तुळईच्या मागचा भाग कोरडा राहतो. या भागाला आमच्या धंद्यात 'सावली' म्हणतात. १९७९च्या आंतरराष्ट्रीय नियमांनी ठरवलं, की आडव्या पृष्ठभागांपैकी फार तर १० टक्के आणि उभ्यांपैकी फार तर १५ टक्के सावलीत राहिलेलं चालेल. आणि सावली शोधायची एक युक्तीही आहे: टाकीची लहान प्रतिकृती करायची, जिथे तोटी येणार तिथे टिचभर दिवा लावायचा आणि आत बघायचं. उजेड पडेल तिथे पाणी पडेल. अंधार राहील तिथे मळ राहील. मी अशा कितीतरी खेळण्यांत डोकं घालून बसलो आहे. शाळेतल्या मुलाला कळेल इतकं सोपं, आणि अजून मला त्याचा कंटाळा आलेला नाही.

इतिहास इथे संपला असता. पण गेल्या वर्षी आमच्या सोसायटीची जमिनीखालची पाण्याची टाकी धुवायची निघाली.

निवृत्त माणूस सोसायटीच्या कमिटीवर असतोच, तसा मी आहे. खजिनदारांनी कमीत कमी दराचा माणूस ठरवला. तो सकाळी आला. बरोबर अठरा-एकोणीस वर्षांचा एक सडपातळ पोरगा, दोन ब्रश आणि पेट्रोलवर चालणारा पंप. पोरगा झाकणातून आत उतरला. तळाचं गढूळ पाणी उपसायला पंप झाकणाच्या तोंडाशीच ठेवला आणि सुरू केला. मी वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत बसलो होतो. पंपाचा आवाज ऐकत होतो. तीस वर्षं ज्याने टाकीतल्या वायूंचे तक्ते वाचले, तो मी पाच-सात मिनिटं नुसता आवाज ऐकत होतो!

मग एकदम लक्षात आलं, की पंप म्हणजे इंजिन, आणि इंजिनाचा धूर जातोय कुठे? त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. मी लेंग्यावरच जिना उतरलो. पंप बंद केला, झाकणातून हाका मारल्या. पोरगा वर आला तो शिडीवर दोनदा थांबून. "डोकं जड झालंय काका, बाकी काही नाही," म्हणाला आणि कठड्याला टेकून बसला. चेहरा पांढरा. आम्ही त्याला मोकळ्या हवेत निजवलं, रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. संध्याकाळपर्यंत तो बरा झाला. बरा झाला म्हणून आज मी हे विनोदी लेखात लिहू शकतो आहे.

मैल्याच्या टाक्यांत आणि गटारांत साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. तरी पेपरात कोपऱ्यात बातमी येत राहते. आमची टाकी तर पिण्याच्या पाण्याची, स्वच्छ, पांढऱ्या फरशीची. मरण फरशी बघत नाही.

पुढच्या मीटिंगला मी ठराव मांडला, की यापुढे आपल्या टाकीत माणूस उतरणार नाही. खजिनदार म्हणाले, "मशीनचा दर तिप्पट आहे." अध्यक्ष म्हणाले, "तुमच्याकडे यातलं ज्ञान आहे म्हणता, मग तुम्हीच करा की काहीतरी." अखेर मावशींची इच्छा पुरी होण्याची वेळ आली. फक्त टाकी गच्चीऐवजी तळघरात निघाली.

मी दोरीला विजेरी बांधून झाकणातून आत सोडली आणि पोटावर आडवा होऊन सावल्या मोजल्या. मधल्या खांबाच्या मागे एक मोठी सावली, कोपऱ्यात दोन लहान. ओळखीच्या वर्कशॉपमधून एक जुनं फिरतं डोकं आणलं, चाळीस-एक्केचाळीस दात्यांचं. विजेवरचा पंप दूर ठेवला. तो पोरगा वरून नळी धरायला आला होता. त्याला दिवसाची पूर्ण मजुरी द्यायची, हे मी ठरावातच घातलं होतं. पहिल्यांदा झाकण नीट न लावल्यामुळे धारेने अध्यक्षांना कमरेपासून वर धुतलं. दुसऱ्यांदा ठीक झालं. अर्ध्या तासाने झाकण उघडलं, तर खांबाच्या मागे पिवळसर पट्टा तसाच.

"एवढं राहिलंच की," अध्यक्ष टॉवेलने डोकं पुसत म्हणाले.

मी त्यांना दहा टक्क्यांचा आंतरराष्ट्रीय नियम सांगणार होतो. तेवढ्यात पोरग्याने लांब बांबूला ब्रश बांधला, झाकणाशी पालथा पडला आणि वरूनच हात वाकडा करून तो पट्टा घासू लागला. मी विजेरी धरली.